तूर्त फुले नकोत

खोटं कशाला सांगू, ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा देवाशी माझा अबोला सुरू होता. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आवाज न चढवता, नुसतं बोलणं बंद करून समोरच्याला कसं वठणीवर आणायचं हे मला चांगलं ठाऊक आहे. तेच शस्त्र मी देवावर काढलं होतं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ती ठाण्याच्या हॉस्पिटलात काढली, आणि आतला जोड भरून यावा म्हणून डॉक्टरांनी लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. त्यावर एक चिकट चकती आणि चकतीला पिशवी. जे शरीराने गुपचूप करायचं ते आता दिवसभर, माझ्या परवानगीशिवाय, त्या पिशवीत येऊन पडायचं. तीन-चार महिन्यांनी सगळं ठीक दिसलं तर ते तोंड पुन्हा आत बसवू, असं डॉक्टर म्हणाले. ‘ठीक दिसलं तर’ हे शब्द मी नीट ऐकले. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा हात पोटाकडे गेला आणि पिशवी हाताला लागली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येतानाचा प्रवास आठवला की अजून अंगावर काटा येतो. ठाण्याहून डोंबिवली म्हणजे काय लांब, पण त्या दिवशी शीळफाट्याला गाड्यांची ही रांग लागलेली आणि पुढे रस्ता खणलेला. नर्सने सांगितल्याप्रमाणे मी उशी पोटाशी घट्ट धरून बसले होते. आमचे हे पुढच्या सीटवरून प्रत्येक खड्ड्याआधी ‘आला गं’ म्हणून सांगायचे, आणि मी मनात म्हणायचे, खड्डा आलेला मलाही कळतोय हो! एरवी गाडीत बसलं की माझं स्तोत्र सुरू होतं. त्या दिवशी एकही ओळ म्हटली नाही. मुद्दाम नाही म्हटली.

आमच्या घरातले देव सासूबाईंनी माझ्या हाती दिलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि कुलदेवीचा टाक. देताना त्यांनी एवढंच बजावलं होतं की देवाला शिळं, उष्टं, विटाळलेलं काही लागू द्यायचं नाही. त्या गेल्या, पण मी तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. आंघोळ झाल्याशिवाय देव्हाऱ्याला हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. माझ्या मुलीने लहानपणी एकदा नैवेद्याच्या वाटीत बोट घातलं म्हणून मी तिला असं काही रागावले होते की ती आजही ते बोलून दाखवते. आम्ही सोवळ्याचे, असा थोडा ताठाही होता. नाही कसं म्हणू?

पूजेची फुलं मात्र कधी बाजारातून आणली नाहीत. डोंबिवलीत कुणीच आणत नाही म्हणा. सकाळी उठून जिन्यात पाहा, प्रत्येक दाराच्या कडीला एक दुधाची पिशवी आणि एक फुलांची. मी खणाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली होती. रोज पहाटे कुणीतरी येऊन त्यात फुलपुडी टाकून जायचं. तगर, जास्वंद, तुळशीची मंजिरी, मंगळवारी आठवणीने दूर्वा. दहा वर्षांत पुडी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि ती टाकणारा माणूस कोण हे मी दहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. फुलं मानपाड्याकडून येतात, एवढंच ह्यांच्या बोलण्यातून कळलेलं.

घरी आले त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, देव्हाऱ्याची दारं लावून घ्या आणि फुलं बंद करा. ज्या घरात दिवसभर हा वास आहे तिथे जास्वंदीचं काय काम? ज्या हाताने ही पिशवी रिकामी करायची त्याच हाताने बाळकृष्णाला न्हाऊ घालू? ह्यांनी हळूच म्हणून पाहिलं, “अगं, मी वाहतो ना फुलं, तू नुसती बसून बघ.” मी म्हटलं, “तुम्हाला सोवळं-ओवळं काही कळतं का? लिहा चिठ्ठी. फुले नकोत.” हे कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, अक्षर छापल्यासारखं. चिठ्ठी लिहून त्यांनी ती खणाच्या पिशवीवर टाचणीने लावली. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. दोनच शब्द तर सांगितले होते, त्यात काय तपासायचं, असं वाटलं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगायला हवं. मी खाणं सोडलं. उपास म्हणून नव्हे, साधा हिशोब होता: पोटात गेलं नाही तर पिशवीत येणार नाही. सकाळी दोन चमचे पेज, दुपारी ताकाचा घोट, आणि मुलीने विचारलं की ‘झालं माझं जेवण’. मुलगी ठाण्यात कोलशेतला राहते. नोकरी सांभाळून दर तीन दिवसांनी येऊन पिशवी बदलून द्यायची. ती घाईघाईने चकती कापायची आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. ती नवी पिशवी दीड दिवसातच कडेने सुटायची, पाझरायची, आणि चकतीखालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. दहाव्या दिवशी तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर वजन बघून गंभीर झाले. म्हणाले, आजी, अशी पिशवी असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. तुम्ही खाल्लं-प्यालं नाही तर मला तुम्हाला पुन्हा ॲडमिट करावं लागेल, आणि अशा तब्येतीला दुसरं ऑपरेशन झेपणार नाही. गाडीत हे रडले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दोनदा रडताना पाहिलं होतं, हे तिसऱ्यांदा. मला त्यांची दया आली, पण घरी आल्यावर पेजेची वाटी पुढे आली की घास गळ्याखाली उतरेना. आता ते खरंच माझ्या हातात राहिलं नव्हतं.

तेराव्या दिवशी दिवेलागणीला ह्यांनी बंद देव्हाऱ्यासमोर निरांजन लावलं आणि ते औषधं आणायला खाली गेले. मी कॉटवर पडल्या पडल्या त्या बंद दारांकडे पाहत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा अबोला सुटला, आणि सुटला तो रडतच. मी म्हटलं, हे बघ, मी काही तुझ्याकडे येणार नाही. मला यायला तोंड नाही. अशा अंगाने आलेली मी तुला चालणार असेन तर तू बोलाव, आणि नसेन चालत तर ने बाबा आता, ह्या माणसाचे हाल करू नकोस. बस, एवढंच. मग डोळे पुसून, हे यायच्या आत तोंड भिंतीकडे करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, दूधवाला आला नाही म्हणून, हे दूध आणायला बाहेर पडले आणि पाच मिनिटांत दाराची बेल वाजली. किल्ली विसरले असतील, दुसरं काय! मी पोटावर हात धरून, भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेले. दार उघडलं तर समोर एक साठीच्या आसपासची बाई. काळीसावळी, ठेंगणी, नऊवारी काष्टा, केसांत अबोलीची वेणी. एका हातात फुलांची मोठी टोपली, दुसऱ्या हातात हिरव्या पानात बांधलेली पुडी. माझ्याकडे पाहून तिने टोपली खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “कोन गेलं, बाय?”

मला काही उमगेना. “कोण गेलं म्हणजे? दुधाला गेलेत.”

“तसं नाय वो. चिठी वाचली मी. त्याच दिसापासून मोजलं. काल तेरावा झायला, आज चवदावा. म्हटलं सुतक फिटलं असल, आज फुलं द्याला पायजेत. पन न इचारता कशी अडकवू?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे देवाची फुलं बंद होतात ती घरात कुणी गेलं तरच. दहा दिवस सुतक, मग तेरावा, आणि चौदाव्या दिवशी पुन्हा पूजा. ही बाई न सांगता आमचं सुतक पाळत होती, दिवस मोजत होती! “कुणी नाही गेलं हो, आम्ही दोघंही आहोत,” असं मी म्हणायला लागले आणि नेमकं त्याच वेळी पोटावर ऊन ओघळ जाणवला. इतकं चालल्याने चकती सुटली होती. गाउनवर डाग पसरताना मला दिसला, तिलाही दिसला. दार लावून घ्यावं तर हातात बळ नाही. देवाच्या फुलांसमोर, परक्या बाईसमोर, माझी ही शोभा! मी मटकन चपलांच्या स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखी रडायला लागले.

तिने आत येऊन दार लोटलं. म्हणाली, “पिशवी हाय का?” मी हुंदके देत दाराबाहेरच्या खुंटीकडे, खणाच्या पिशवीच्या दिशेने बोट दाखवलं. ती म्हणाली, “ती नाय वो. पोटाची.”

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. तिला कसं कळलं हे विचारायचंही सुचलं नाही. नव्या पिशव्यांचा डबा कपाटात कुठे आहे ते सांगितलं. तिने मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, मला कॉटवर आडवं केलं, जुनी चकती ओल्या फडक्याने वरून खाली अशी अलगद सोडवली की मला कळलंही नाही. खालची कातडी बघून तिने ‘आय गं’ केलं. मुलगी बदलून देते, असं मी सांगितलं. मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्याला कात्रीने एक भोक पाडलं, माझ्या पोटावर ठेवून पाहिलं, पुन्हा किंचित कापलं, पुन्हा पाहिलं. “पोरीनं भोक मोठं कापलं. कातडी उघडी ऱ्हाते, म्हनून जलते,” असं ती म्हणाली. पुठ्ठ्यावरून तिने चकतीवर पेनने गोल आखला. कापलेली चकती लगेच लावली नाही, दोन तळव्यांत धरून बराच वेळ दाबून बसली. “गरम झायली का मग कशी चिकटते बघा. आनि बदलाची ती सकालचे, काय खाल्ल्याआधी. सकालचे ती निजलेली अस्ते.” ‘ती’ म्हणजे माझ्या पोटावरचं ते लाल तोंड. दोन आठवडे मी ज्याच्याकडे बघितलं नव्हतं त्याच्याबद्दल ही बाई ते निजलेलं बाळ असल्यासारखं बोलत होती. मी पहिल्यांदा मान उचलून बघितलं. खरंच निजलं होतं.

मी विचारलं, “तुम्ही नर्स होता का हो?”

“मी कुठली नर्स!” ती हसली. पदर जरा बाजूला केला. तिच्या कमरेला, काष्ट्याच्या वर, डाव्या बाजूला फुलाफुलांच्या कापडाची थैली होती, आणि थैलीत तशीच पिशवी. “अकरा वरसं झायली. माझी कायमचीच हाय. तुमची घालतील परत आत.”

अकरा वर्षं. माझ्याकडे फुलं यायला लागली त्याला दहा. तेव्हापासून मी देवाला वाहिलेलं एकूण एक फूल ह्या हातांनी खुडलेलं होतं, ह्या कमरेवरच्या टोपलीतून जिने चढून आलेलं होतं. सोवळ्यात बसून, डोळे मिटून मी जे वाहत होते ते! आणि माझ्या बाळकृष्णाने दहा वर्षांत एकदाही तोंड फिरवलं नव्हतं. हे सगळं मनात येत असताना माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो आठवून आजही मला स्वतःचा राग येतो. मी म्हटलं, “मग तुम्ही देवाची फुलं... म्हणजे, तुम्हाला काही वाटत नाही?”

ती रागावली नाही. पिशवीच्या खालचा चाप नीट बसला का ते बघत बघत म्हणाली, “पयले वाटलं. मग मना समाजलं, पिशवी कुनाला नाय वो, बाय? सगल्यांना पोटान अस्ते. ती घेऊनच समदी देवलान जातात. आपली जरा भायेर आयली, येवरंच.”

आयुष्यभर मी मुलांना निबंध शिकवले. इतकं सरळ वाक्य मला कधी सुचलं नाही. मी तिचा हात धरून खूप रडले, आणि ह्या वेळचं रडणं वेगळं होतं, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. तिने रडू दिलं. मग दारातल्या टोपलीतून कागदात बांधलेली खडीसाखर काढून आणली. सुतक फिटलेल्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, तोंड गोड करायला म्हणून ती घेऊन आलेली. “कोनी गेलं नाय ते बरंच झायलं. पन आनलीच हाय तर घ्या,” म्हणत तिने खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला. पिशवीचा विचार मनात यायच्या आत साखर विरघळून गेली होती. तेवढ्यात हे दूध घेऊन आले आणि दारात फुलांची टोपली बघून घाबरलेच. मी त्यांना म्हटलं, “मला भात टाका. मऊ, वर तूप घालून.” ह्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या बाईकडे पाहिलं, आणि तसेच स्वयंपाकघरात गेले. आतून नाक ओढल्याचा आवाज मी ऐकला.

ती निघाली तेव्हा मी विचारलं, “फुलं कायमची बंद केली असतील असं नाही का वाटलं तुम्हाला?” ती म्हणाली, “कायमची बंद करनारा तूर्त कशाला लिवल?” मी म्हटलं, कुठे लिहिलंय तूर्त? तिने खुंटीवरची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. छापल्यासारख्या अक्षरात होतं: ‘तूर्त फुले नकोत.’ मी दोनच शब्द सांगितले होते. तिसरा ह्यांनी स्वतःच्या मनाने घातला होता. हे भात टाकून बाहेर आले तेव्हा मी त्यांना चिठ्ठी दाखवली, तर शाळेतल्या पोरासारखे खाली बघत म्हणाले, “नुसतं नकोत लिहायला हात धजेना गं.”

त्या एका शब्दाने ही बाई चौदाव्या दिवशी माझ्या दारात आणून उभी केली. तिने सुतक समजून दिवस मोजले, तोही गैरसमजच. आणि दिवस आला तो मी भांडून विचारलं त्याच्या दुसऱ्याच सकाळचा. ह्याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे. मी वाद घालणार नाही. मी ‘बोलाव’ म्हटलं होतं आणि सकाळी बेल वाजली, एवढं मला माहीत आहे.

तिचं नाव बेबीबाय. साठी आली तरी बेबीच. मानपाड्याच्या आगरी गावातली. शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, मुलांचं उत्तम चाललंय, कमवायची तिला काही गरज नाही. पण सासूने लावलेली तगर अजून तशीच आहे आणि फुलं वाटायची ती तिचीच, हा तिचा हट्ट. त्या दिवशी दुपारी ह्यांनी देव्हाऱ्यातले देव ताम्हनात घालून डायनिंग टेबलवर आणून ठेवले. खाली बसणं मला जमणार नव्हतं आणि वाकणं तर नाहीच. खुर्चीत बसून, पोटाशी उशी धरून, मी बाळकृष्णाला न्हाऊ घातलं. मध्येच पिशवीने तिचा तो बारीक आवाज केला. मी थांबले, मग म्हटलं, हो, आहे ती इथेच, आणि जास्वंद वाहिली.

आता दीड महिना झाला. वजन हळूहळू वाढतंय, कातडी बरी झाली आहे, पिशवी सकाळी माझी मीच बदलते, ती निजलेली असताना. मुलीलाही पुठ्ठ्याची युक्ती शिकवली, आणि त्या नैवेद्याच्या वाटीबद्दल तिची माफी मागितली. दुसऱ्या ऑपरेशनचं डॉक्टर पुढच्या तपासणीनंतर ठरवणार. होईल की नाही, कोण जाणे. पूर्वी देवासमोर बसले की माझी यादी तयार असायची: हे दे, असं कर, ह्या तारखेच्या आत कर. आता तसं काही तोंडात येत नाही. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्यात टाकाच्या मागे ठेवली आहे, फक्त ‘फुले नकोत’ एवढं कात्रीने कापून टाकलं.

‘कोन गेलं’ ह्या प्रश्नाला मी त्या सकाळी ‘कुणी नाही’ म्हटलं होतं. ते तेवढंसं खरं नव्हतं. दहा वर्षं दाराआड सोवळ्यात बसून, फुलं कुणी आणली हे कधी न बघणारी एक बाई त्या दिवशी ह्या घरातून गेली. तिचं सुतक मी धरलेलं नाही. आता रोज सकाळी साडेसहाला मी दार उघडून उभी असते. बेबीबाय जिना चढून येते, धापा टाकत खुंटीकडे बघते आणि विचारते, “काय बाय, पिशवी रिकामी हाय ना?” मी विचारते, “कुठली?” आणि मग आम्ही दोघी आपापलं पोट धरून हसतो.